पॅलेट ट्रॉली माल उचलते, पण धरत नाही: पंप उघडण्याआधी काय काय बघावं

इंदूरच्या डाळ मिल, किराणा गोदामं आणि ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यांवर हातानं ओढायच्या हायड्रॉलिक पॅलेट ट्रॉल्या, म्हणजे पॅलेट (माल रचायची फळ्यांची चौकट) तेलाच्या दाबावर उचलणाऱ्या गाड्या, दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. पालदा असो, सियागंज असो की देवास नाका, फोनवर तक्रार एकच येते: "भैया, पंप बैठ गया." जाऊन बघावं तर बहुतेक वेळा पंप धडधाकट असतो. मालक तोवर नव्या पंपाचा भाव काढून बसलेला असतो. नाहीतर कुणीतरी किट, म्हणजे पंपातल्या रबरी सीलचा संच, बदलून दिलेलं असतं आणि दोन-तीन महिन्यांत ट्रॉली पुन्हा तशीच बसायला, म्हणजे उचललेला माल खाली सोडायला, लागलेली असते. हा दोष पुन्हा पुन्हा का येतो आणि त्याचा माग कसा काढायचा, ते इथे लिहितो. तपासण्यांचा क्रम फुकटापासून महागाकडे जातो. तो मोडू नका, कारण पुढची प्रत्येक तपासणी आधीची झालेली आहे असं धरून चालते.

आधी लक्षण नीट ओळखा

"ट्रॉली बिघडली" एवढ्यावर काहीच ठरत नाही. यातलं नेमकं काय होतंय ते उभं राहून बघा:

- फोर्क (पॅलेटखाली जाणारे दोन लांब दात) वर येतात, पण हात थांबला की माल हळूहळू खाली येतो.
- हँडल दाबलं की फोर्क वर जातात, हँडल परत घेतलं की तेवढेच खाली येतात.
- रिकामी ट्रॉली झकास चढते, माल ठेवला की जागची हलत नाही.
- हँडल मऊ लागतं, स्ट्रोक (हँडलचे वरखाली फेरे) वाया जातात. रिकामी ट्रॉली साधारण दहा ते पंधरा स्ट्रोकमध्ये पूर्ण उंचीला जायला हवी. फोर्क 85 मिलिमीटरवरून 200 मिलिमीटरच्या आसपास, एवढाच काय तो प्रवास असतो.
- वर गेलेली ट्रॉली खाली यायला तयार नसते.
- फरशीवर किंवा पंपाच्या बुडाशी तेल दिसतं.

पहिलं लक्षण असेल तर एक पट्टी आणि घड्याळ घ्या. ट्रॉलीवर नेहमीच्या मालापेक्षा निम्मा माल ठेवा, पूर्ण वर घ्या, फोर्कच्या मागच्या बाजूला जमिनीपासूनची उंची मोजून खडूनं फरशीवर लिहून ठेवा. दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. ही मोजणी दोनदा करायची: एकदा हँडलवरचा खटका मधल्या जागी ठेवून आणि एकदा तोच खटका खाली, म्हणजे उचलायच्या जागी ठेवून. दोन्ही आकडे लिहून ठेवा, खाली त्यांचा उपयोग आहे. मोजताना पाय किंवा बोटं फोर्कखाली नेऊ नका. आपल्याकडे हमाल चपलेवर काम करतात आणि बसणाऱ्या ट्रॉलीखाली अंगठा सापडल्याचे प्रकार मी पाहिले आहेत.

माल आणि पॅलेट

यात खर्च शून्य, म्हणून हे पहिलं. ट्रॉलीच्या पाटीवर क्षमता लिहिलेली असते, बहुतेकांवर 2500 किलो. डाळीची 50 किलोची 50 पोती रचली की 2500 किलो तिथेच झाले. लाकडी पॅलेटचं वजन त्याहून वेगळं. पंपाच्या आत जास्तीच्या भारासाठी एक सुरक्षा झडप असते. मर्यादेपलीकडे दाब गेला की ती उघडते, तेल टाकीत परत जातं आणि तुम्ही कितीही हँडल मारलं तरी माल उचलला जात नाही. रिकामी चढते, भरलेली चढत नाही, ही तक्रार दिवाळीच्या आधीच्या हंगामात सगळ्यात जास्त येते आणि तिचं उत्तर पुष्कळदा दहा पोती कमी करणं एवढंच असतं. ट्रॉली तेव्हा बिघडलेली नसते, तिला बनवताना जे काम दिलं तेच ती करत असते.

दुसरं, पॅलेटच्या खालच्या फळ्या बघा. फोर्कच्या टोकाजवळची छोटी चाकं खालच्या फळीवर चढून बसली असतील तर तुम्ही पंप मारताय म्हणजे पॅलेटची वरची आणि खालची बाजू एकमेकींपासून फाडताय. हँडल जड होतं, लाकूड करकरतं, माल उठत नाही. फोर्क पूर्ण आत घाला, चाकं फळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येऊ द्या, मग उचला.

आणि माल फोर्कच्या फक्त टोकावर किंवा एकाच फोर्कवर उचलू नका. त्यानं पंप लगेच जात नाही, पण पंपातून वर येऊन फोर्क उचलणाऱ्या जाड रॉडवर आडवा ताण येतो. रॉड एकदा वाकला की वर गेलेली ट्रॉली खाली यायला अडते.

चाकं

चाकांचा आणि बसण्याचा थेट संबंध नाही. तरी दोन मिनिटं इथे द्या, कारण चाक अडलेलं असताना माणसं हँडलला झटके देऊन ट्रॉली हलवतात आणि तो मार हँडलपासून पंपापर्यंत जाणाऱ्या साखळीच्या जोडावर बसतो. फोर्कखालच्या चाकांत स्ट्रेच फिल्म, सुतळी आणि पोत्यांचे धागे गुंडाळलेले असतात. डाळ मिलमध्ये वर भुशाचा थर. कटरनं कापून काढा, चाक हातानं फिरवून बघा. खडखडत असेल तर बेअरिंग गेलं आहे. ते कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, जुनं सोबत न्या म्हणजे नंबर चुकणार नाही.

खटका आणि साखळी

इथे थोडं थांबा, कारण माझ्या पाहण्यात बसणाऱ्या ट्रॉल्यांपैकी सगळ्यात जास्त इथेच दुरुस्त होतात, एका पान्यानं.

हँडलवरच्या खटक्याच्या तीन जागा असतात. खाली ढकलला की उचलणं, मध्ये न्यूट्रल, वर ओढला की खाली सोडणं. खटक्याला बांधलेली तार किंवा सळई आणि तिच्या टोकाची बारीक साखळी हँडलच्या नळीतून, बिजागरीतून खाली पंपापर्यंत जाते. तिथे ती एका छोट्या दांडीला धरलेली असते. ही दांडी दबली की खाली सोडायची झडप उघडते. म्हणजे साखळी ढिली असेल तर झडप बंद, पूर्ण ताणली तर झडप उघडी, आणि न्यूट्रल म्हणजे या दोहोंच्या मधला हलका ताण. साखळीच्या खालच्या टोकाला एक नट असतो, काही ट्रॉल्यांत दांडीवरच स्क्रू आणि तो हलू नये म्हणून त्याचा लॉकनट असतो. सगळं गणित त्या नटाच्या जागेवर. ट्रॉली दिवसभर उंबऱ्यांवरून आणि कोटा फरशीच्या खाचांवरून आदळते, नट सरकतो, साखळी जरा जास्त ताणलेली राहते आणि झडप केसभर उघडी राहते. माल बसायला तेवढं पुरतं.

आता ते दोन आकडे काढा. खटका खाली असताना माल टिकतो आणि मध्ये ठेवला की बसतो, असं असेल तर पंपाच्या आत काहीही झालेलं नाही. नट सैल करायचा आहे. दोन्ही जागी सारखाच बसत असेल तर ट्रॉली रिकामी करा, फोर्क खाली घ्या आणि साखळी दांडीतून काढून मोकळी करा. पुन्हा थोडा माल ठेवा, चढवा, बघा. आता टिकला तर साखळी मुळातच जास्त आखूड लागली होती. तरीही बसला तर दोष आतला आहे, पुढे जा. माल उतरवायचा झाला की पंपाजवळची तीच दांडी पायानं अलगद दाबायची, हात खाली घालायचा नाही.

नट लावायची पद्धत अशी. न्यूट्रलला हँडल मारून बघा. फोर्क वर चढत असतील तर साखळी ढिली आहे, नट घड्याळाच्या दिशेनं आवळा. न्यूट्रलला फोर्क खाली येत असतील तर उलट फिरवून सैल करा. खटका वर ओढूनही ट्रॉली उतरत नसेल तर आवळा. खटका खाली असून चढतच नसेल तर सैल करा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक पाव फेऱ्यानंतर तिन्ही जागा पुन्हा तपासा. एक जागा बरोबर झाली की दुसरी बिघडलेली असू शकते. शेवटी लॉकनट आवळा. तो न आवळता सोडलेली ट्रॉली आठवड्याभरात परत येते. साखळीच्या कड्या गंजून ताठ झाल्या असतील तर आधी त्यांना तेलाचे थेंब द्या, नाहीतर खटका सोडल्यावर साखळी परत खाली सरकतच नाही आणि नट कितीही लावा, लागत नाही.

हवा

ट्रॉली टेम्पोत आडवी घालून आणली, किंवा तेल बदललं, की पंपात हवा शिरते. तेल दबत नाही पण हवा दबते, म्हणून हँडल मऊ लागतं आणि पहिले काही स्ट्रोक फुकट जातात. उपाय सोपा: ट्रॉली रिकामी ठेवा, खटका वर, म्हणजे उतरवायच्या जागी धरून ठेवा आणि हँडल पूर्ण वरखाली पंधरा-वीस वेळा मारा. झडप उघडी असल्यानं तेल फिरत राहतं आणि हवा टाकीत निघून जाते. मग खटका खाली करून चढवून बघा. फरक पडला पण अर्धवट, असं वाटलं तर पुन्हा करा. काहीच फरक नसेल तर तेलाकडे वळा.

तेल

वारंवार येणाऱ्या दोषाचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं आणि तरी इथे कुणी बघत नाही. ट्रॉली विकत घेतल्यापासून तेच तेल, वर्षानुवर्षं. पंपात तेल मावतं तरी किती? बहुतेक मॉडेलमध्ये अर्ध्या लिटरपेक्षाही कमी. एवढ्याशा तेलात सीलचा चुरा, लोखंडाची कीस आणि पावसाचं पाणी सगळं फिरत असतं.

फोर्क पूर्ण खाली घ्या. हे महत्त्वाचं आहे, कारण फोर्क वर असताना तेल भरलं तर उतरवताना सिलिंडरमधलं तेल टाकीत परत येतं, टाकी ओसंडते आणि बुचातून तेल झिरपायला लागतं. मग "सील गेलं" म्हणून किट बदललं जातं. पंपाच्या टाकीवरचं बूच साधारण अॅलन कीनं उघडतं. उघडण्याआधी भोवतीची धूळ फडक्यानं पुसून घ्या, कारण तुम्ही जी घाण आत पाडाल तीच उद्या झडपेत अडकेल. तेल भोकाच्या कडेपासून किंचित खाली दिसायला हवं.

रंग बघा. पिवळसर, पारदर्शक असेल तर ठीक, कमी असेल तर भर घाला. काळं आणि चिकट असेल तर बदला. ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलं आहे. पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये ठेवलेल्या किंवा प्रेशर पंपानं धुतलेल्या ट्रॉल्यांत हे हमखास दिसतं, आणि असं तेल एक दिवसही ठेवू नये, आतून गंज चढतो.

काढण्यासाठी ट्रॉली एका कुशीवर आडवी करावी लागते. ती 70 ते 80 किलोची असते, दोन माणसं लागतात. खाली पसरट भांडं, बूच काढून तेल पूर्ण निथळू द्या, हँडल दोन-चार वेळा हलवून उरलंसुरलं बाहेर काढा. नवीन तेल हायड्रॉलिक 32 ग्रेडचं, आणि उन्हाळ्यात इंदूरचा पारा 42 च्या वर जातो तेव्हा तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये काम असेल तर 46 चालतं. सुट्या डब्यातलं न घेता सीलबंद डबा घ्या. ब्रेक ऑइल कधीही घालू नका. पातळ दिसतं म्हणून कुणी ना कुणी घालतंच, पण ते वेगळ्या जातीचं रसायन आहे. पंपातली रबरी सील त्यानं फुगतात, मऊ पडतात आणि पंप खरोखरच जातो. जळकं इंजिन ऑइल घालणारेही भेटतात. त्यातली काजळी आणि कीस थेट झडपेवर बसते.

काढलेलं तेल गटारात ओतू नका. डब्यात भरून वापरलेलं तेल घेणाऱ्या अधिकृत माणसाला द्या. फरशीवर सांडलं असेल तर भुसा पसरा आणि लगेच झाडा, तेलकट कोटा फरशीवर भरलेली ट्रॉली हाताबाहेर जाते.

तेल भरल्यावर वर सांगितल्याप्रमाणे हवा काढा. हे विसरलं की नव्या तेलानंही ट्रॉली चढत नाही आणि मग दोष तेलाला लागतो.

झडपेतला कण

तेल बदलूनही माल बसतोच आहे, पण कधी बसतो कधी टिकतो, असं अनियमित असेल तर झडपेच्या बैठकीवर कण अडकलेला असण्याची शक्यता मोठी. नळाच्या वॉशरखाली वाळूचा कण आला की नळ कितीही आवळा, ठिपकतोच, तसंच हे. उघडण्याआधी धुऊन बघा: रिकामी ट्रॉली पूर्ण वर, मग खटका एकदम ओढून झटकन खाली. तेलाचा झोत बैठकीवरून वेगानं जातो आणि कण सुटून टाकीत पडतो. रिकाम्या ट्रॉलीला खाली यायला वजन कमी पडत असेल तर एक-दोन पोती ठेवा, त्याहून जास्त नको. हे पाच-सात वेळा करून पुन्हा पट्टी आणि घड्याळ. सुटला तर तेल परत एकदा बदला, कारण कण आतच आहे.

हँडल परत घेताना माल तेवढाच खाली येतो, हे दुसरं लक्षण असेल तर खाली सोडायची झडप ठीक असून पंपाच्या वाटेतली एकदिशा झडप गळते आहे. तिथेही कण असू शकतो, हीच धुलाई करा. नाही गेलं तर तो कारागिराचा प्रांत.

किट बदललं, तरी पुन्हा बसते

आता ज्या प्रश्नासाठी मला सगळ्यात जास्त फोन येतात तो. नवं किट, नवं तेल, पहिला महिना छान, मग पुन्हा तेच. रॉड बघा. फोर्क पूर्ण वर घ्या, फ्रेमखाली दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावा म्हणजे ट्रॉली अचानक बसली तरी ठोकळ्यांवर टेकेल, आणि टॉर्च आडवा धरून मधल्या जाड रॉडवर प्रकाश टाका. स्वच्छ फडक्यानं पुसा. क्रोम आरशासारखं गुळगुळीत हवं. जिथे गंजाचे बारीक खड्डे किंवा उभे ओरखडे दिसतील तिथे नख फिरवा. नख अडकलं तर उत्तर मिळालं. तो खडबडीत भाग प्रत्येक वेळी वरखाली होताना नव्या सीलच्या ओठावर कानस फिरवतो. अशा रॉडवर कितीही भारी किट घाला, टिकणार नाही.

हा गंज येतो कुठून? ट्रॉली माल घेऊन रात्रभर वर उभी ठेवण्यातून. रॉड बाहेर उघडा राहतो, त्यावर धूळ आणि पावसाळी दमट हवा बसते. नमकीन आणि मिठाच्या गोदामांत तर आणखी लवकर, कारण खारट धूळ ओल धरून ठेवते. काम संपलं की ट्रॉली रिकामी करून पूर्ण खाली ठेवायची, एवढी एक शिस्त लावली की ज्या गोदामात वर्षातून दोन किटं लागायची तिथे किट लागायचंच बंद होतं. मी नव्या ट्रॉलीबरोबर मालकाला आधी हीच गोष्ट सांगतो, आणि हमालांनाही, कारण रात्री ट्रॉली सोडून जाणारे तेच असतात.

खड्डे हलके असतील तर रॉड लेथवाल्याकडे हार्ड क्रोम करून घेता येतो. खोल असतील तर रॉड बदलावा लागतो. दोन्ही कामं पंप खोलून करायची असल्यामुळे ती घरी करू नका.

इथे हात थांबवा

पंप खोलणं हे काम कारागिराचं. हँडलखाली जी जाड स्प्रिंग दिसते ती दाबून बसवलेली असते. पिन काढली की ती उसळते आणि तोंडावर येते. सुरक्षा झडपेच्या स्क्रूला तर कारागिरानंही दाब मोजायच्या गेजशिवाय हात लावू नये. "जरा आवळला की जास्त माल उचलते" असं सांगून तो आवळून देणारे आहेत. त्यानं ट्रॉली जास्त माल उचलते खरी, पण फोर्क आणि वेल्डिंग त्या भारासाठी बनलेलंच नसतं.

फोर्क जिथून सुरू होतात त्या मुळाशी वेल्डिंगला केसासारखी चीर दिसली, एक फोर्क दुसऱ्यापेक्षा खाली झुकलेला दिसला, पंपाच्या ओतीव अंगातून तेल पाझरताना दिसलं, किंवा रॉड उघड वाकलेला असला, तर त्याच क्षणी ट्रॉली बाजूला काढा, हँडलला दोरीनं पाटी बांधा आणि कुणाला वापरू देऊ नका. सीझनचा माल ट्रकमध्ये चढायचा आहे ही अडचण मला कळते. तरी अशी ट्रॉली "आजचा दिवस" म्हणून चालवू नका, दोन टन माल सुटला तर समोर उभा असतो तो हमाल.

कारागिराला बोलवाल तेव्हा पाटीचा आणि पंपाचा फोटो आधीच पाठवा. प्रत्येक पंपाचं किट वेगळं असतं आणि चुकीचं किट आणलं तर एक फेरी वाया जाते. खटका मध्ये आणि खाली असतानाचे दोन्ही आकडे, तेलाचा रंग, किट शेवटचं कधी बदललं, आणि साखळी मोकळी केल्यावर काय झालं, एवढं सांगा. यातून चांगल्या कारागिराला दोष कुठे आहे ते फोनवरच बरंचसं कळतं, आणि हे न विचारता थेट "पंप बदलावा लागेल" म्हणणाऱ्याला दुसरा पर्याय शोधा.

दुरुस्त होऊन आलेली ट्रॉली ताब्यात घेताना पैसे देण्याआधी निम्मा माल ठेवून तीच दहा मिनिटांची मोजणी त्याच्यासमोर करा, खटक्याच्या तिन्ही जागा तपासा, आणि काढलेलं जुनं किट व जुना रॉड मागून घ्या.